सांगाड्याची दिशा

१

सकाळी हँगरचं मोठं दार ढकललं की आधी राखेचा वास यायचा, मग जळक्या इंधनाचा, आणि या दोन्हींतून वाट काढत चहाचा. चहा आमचे तपासप्रमुख स्वतः करत. ते सगळ्यांच्या आधी येत आणि मी पोचेपर्यंत कप ओळीत मांडून, सगळ्या कपांचे कान एका बाजूला वळवून ठेवत. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ओळंबा म्हणत, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लोंबवतो तो. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून ते उठत आणि ते सरळ करून येत.

काम असं होतं. आमचं नवं लढाऊ विमान चाचणीच्या उड्डाणात पडलं होतं. दलदलीतून त्याचे तुकडे ट्रकनं हँगरमध्ये येत आणि आम्ही ते फरशीवर विमानाच्याच आकारात मांडत असू. नाकाचे तुकडे एका टोकाला, शेपटीचे दुसऱ्या, पंख दोन्हीकडे पसरलेले. तुकडा जागेवर बसला की त्याच्याभोवती खडूनं रेघ मारायची, म्हणजे कोणाचा पाय लागून तो हलला तर लगेच कळतं. मोडकं विमान बोलतं, असं मला शिकवलं होतं. आधी कुठं तुटलं, आग कुठून आली, ते सगळं सांगतं. आपण फक्त प्रत्येक तुकडा त्याच्या जागी ठेवायचा आणि गप्प राहायचं.

फार दूर शिकून, तिथली चांगली नोकरी सोडून मी परत आले ती याच विमानासाठी. आपल्या माणसांनी आपल्या हातांनी बनवलेलं पहिलं विमान. ते पडलं, पण माझा विश्वास पडला नव्हता.

तुकड्यांचा हा सांगाडा पूर्वेच्या भिंतीला समांतर हवा, हा ओळंब्यांचा हुकूम. "तिकडं तुम्ही कसं मांडायचात मला ठाऊक नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इथं भिंतीला धरून मांडायचं."

त्या सोमवारी सकाळी सांगाडा भिंतीला धरून नव्हता. त्याचं नाक बाहेर सरकलं होतं. फार नाही, वीतभर.

२

"कोणी हलवलं हे?" मी तुकडे मांडायला मदतीला असलेल्या दोघा जोडाऱ्यांना विचारलं.

"बाई, ते इंजिन हलवायला आमच्यासारखी चार माणसं लागतील," थोरला म्हणाला. "आणि याला तर घरी खुर्ची सरकवायची असली तरी बायकोला हाक मारतो."

"माझी आहे तरी हाक मारायला," धाकटा म्हणाला. "तुझी माहेरी जाऊन बसलीय."

मी हसले आणि खाली वाकले. तिथंच माझं हसू थांबलं.

प्रत्येक तुकडा आपापल्या रेघेच्या आत नीट बसलेला होता. कोणी सांगाडा सरकवला असता तर रेघा मागं राहिल्या असत्या. पण रेघाही सोबत आल्या होत्या. कुठं फिसकटलेल्या नाहीत, पुसलेल्या नाहीत. त्यांच्या शेजारी मी लिहिलेले आकडेही आले होते, माझ्याच अक्षरात. जुन्या जागी बोट फिरवून पाहिलं. खडूचा कणसुद्धा लागला नाही.

बुद्धी अशा वेळी लगेच मदतीला धावते. थकले होते, मीच तिरपं मांडलं असणार, मीच तिरप्या रेघा मारल्या असणार. "चूक माझी," मी जाहीर केलं. इंजिन चाकांच्या गाड्यावर होतं, ते चौघांनी ढकललं. बाकीचं पहारीनं आणि हातांनी. रेघा पुसून नव्या मारल्या. ओळंबा एक डोळा मिटून भिंतीकडे आणि सांगाड्याकडे पाहत उभे होते. "हां, आता बरं," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात बरं काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी नाक पुन्हा बाहेर होतं. त्याच बाजूला.

३

मी राहायचे ते घर त्या विमानाच्या वैमानिकाचंच होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीवरचा पूल ओलांडून. वरची खोली मला भाड्यानं दिली होती, पण जेवायला खालीच, हा त्यांच्या बायकोचा, वहिनींचा नियम. वैमानिकाला मी दादा म्हणायचे आणि दादा मला हुशारबाई म्हणत. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी भाजी वाढून घेताना म्हणाले होते, "हुशारबाई, उद्या विमान पडलं तर तुमची पदवी जप्त."

"शुभ बोलायला काही पैसे पडतात का?" वहिनी म्हणाल्या होत्या.

आता जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघीच होतो. दादा सापडले नव्हते. वैमानिकाला विमानातून वर फेकणारी खुर्चीही सापडली नव्हती. ती दादांसह दलदलीत खोल गेली, असं चौकशी समितीचं मत झालं होतं. शोध शनिवारी संध्याकाळी थांबणार होता. त्यानंतर दादा कागदोपत्री मेलेले ठरणार, आणि मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं. पण मला खापराची चिंता नव्हती. हँगरच्या फरशीवर त्या खुर्चीची जागा अजून रिकामी होती, आणि तेवढ्या रिकाम्या जागेवर मी आशा धरून होते.

वहिनी रडल्या नव्हत्या. भेटायला आलेली एक बाई म्हणाली, फार हसरे होते हो, तर वहिनींनी तिला शांतपणे सांगितलं, "अजून आहेत."

त्या मंगळवारी ताट सारून त्या म्हणाल्या, "एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"नाही."

"यांच्या घरातल्या चपला. दाराशी, पायपुसण्याजवळ असतात त्या. रोज सकाळी तिरप्या झालेल्या असतात."

"मांजर असेल वहिनी."

"मांजर एखादी चप्पल ओढेल गं. दोन्ही? जोडीनं? एकाच बाजूला तोंड करून?" त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला. "लग्न झाल्यापासून या माणसानं एकदा चपला सरळ काढल्या असतील तर शपथ. जन्मभर मीच सरळ करत आले. आता घरात नाहीत तरी माझं काम चुकत नाही."

"मग काय करता तुम्ही?"

"काय करणार? सरळ करते. लोक येताहेत भेटायला."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. शिकलेल्या माणसाला गप्प बसायला फार कारणं सुचतात.

४

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी हँगरमध्ये थांबले. म्हटलं, घाबरायचं असेल तर नीट प्रयोग करून घाबरावं.

हँगरच्या फरशीत विमान बांधून ठेवायच्या लोखंडी कड्या असतात. नाकाच्या टोकाची खडूची रेघ अशा एका कडीला बरोबर टेकली होती. मी स्टूल घेऊन समोर बसले आणि त्या कडीवर नजर लावली. डोळ्यांत पाणी आलं तरी हलले नाही. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. कुठंतरी नळ थेंबथेंब गळत होता. बाकी सारं जिथल्या तिथं.

छताच्या पत्र्याखाली एक पारवा फडफडला. मी वर पाहिलं. क्षणभरच.

तेवढ्यात तो आवाज आला. पाटीवर खडू हळूच ओढावा तसा, पण एका ठिकाणाहून नाही. फरशीवरच्या सगळ्या रेघांमधून, एकदम. मी खाली पाहिलं. आवाज नव्हता. कडी आणि रेघ यांच्यामध्ये बोटभर फरशी दिसत होती.

मी उठून दाराकडे पळाले नाही. तसंच बसून राहिल्यावर भीतीच्या खाली मला दुसरंच काही जाणवायला लागलं. एखाद्या खोलीत कोणी आपल्याला कधीपासून काहीतरी सांगत असावं, आपण ऐकून न ऐकल्यासारखं करत असावं, आणि सांगणारा थकत चाललेला असावा, तसं.

५

"सर, सांगाडा हलतो," मी ओळंब्यांना सांगितलं. ते रिकामे कप धूत होते.

त्यांनी कप पुसला, ओळीत ठेवला, त्याचा कान फिरवला. "माहितीये," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. शनिवारी मांडून झाला ना? रविवारी मी एकटाच आलो होतो. तेव्हाही तिरपा होता. पहारेकऱ्यांना हाताशी धरून सरळ केला मी."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू पोरी? निवृत्तीला आलेला माणूस मी. म्हातारा चळला म्हणाले असते. तिरपं दिसलं की सरळ करायचं, एवढंच शिकलो आयुष्यभर. पुढचा विचार कधी केला नाही."

"आज सरळ करू नका."

त्यांचा चेहरा मी त्यांच्याकडे किडनी मागितल्यासारखा झाला. "शनिवारी समितीचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांना हा असला वाकडा दाखवू?"

"फक्त उद्या सकाळपर्यंत, सर. त्याला कुठं जायचंय तिथं जाऊ द्या. आपण रोज त्याचं तोंड दाबतोय."

"मला झोप लागायची नाही," ते म्हणाले, आणि टोपी घालून, मागं वळून न पाहता निघून गेले. ते मागं वळले असते तर सरळ करायला परत आले असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी घरी वहिनींना म्हटलं, "उद्या चपला सरळ करू नका. मी फोन करेन तोवर हातसुद्धा लावू नका."

"तुला काही कळलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काहीच नाही. खरंच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

६

शुक्रवारी सकाळी चहाचा वास नव्हता. ओळंबा दारातच उभे होते. दोन्ही जोडारी त्यांच्यामागं, आणि त्या दिवशी त्यांना एकमेकांची टर उडवायला काही सुचत नव्हतं. धाकट्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

सांगाडा वळला होता. वीतभर नाही, पुरता. शेपटी भिंतीला भिडत आली होती आणि नाक हँगरच्या कोपऱ्याकडे रोखलेलं होतं. दलदलीकडे, जिथं सगळे शोधत होते तिकडं, त्यानं पाठ केली होती. एकही तुकडा दुसऱ्यावर घासला नव्हता. एकही रेघ मोडली नव्हती.

मी फोनमधलं होकायंत्र नाकाच्या रेषेत धरलं आणि वहिनींना फोन लावला.

"भिंतीकडे तोंड आहे गं," त्या म्हणाल्या. "रोज थोड्याशा तिरक्या असायच्या. आज पूर्ण वळल्यात. कोणीतरी पायात घालून भिंतीतून निघालंय असं वाटतं." फोन चपलांशेजारी कसा ठेवायचा आणि होकायंत्राचा आकडा कुठं वाचायचा हे मी सांगितल्यावर त्यांनी तो न चुकता वाचला.

मी टेबलावर नकाशा पसरला. हँगरपासून एक रेघ काढायला हातानंच सुरुवात केली, तर ओळंब्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "असली रेघ?" म्हणत खिशातून पट्टी काढली आणि दोन्ही रेघा त्यांनीच ओढल्या. एक हँगरमधून, एक नदीपलीकडच्या घरातून. त्या डोंगराकडे निघाल्या आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीत एकमेकींना छेदून गेल्या.

"कागदावर कोणत्याही दोन रेघा कुठंतरी छेदतातच," मी म्हणाले. मला स्वतःलाच सावध करायचं होतं. "शास्त्र म्हणून याची किंमत शून्य आहे."

"शून्य तर शून्य," ओळंबा म्हणाले. "गाडी माझी आहे, डिझेल माझं आहे."

"शोधपथकाला कळवायचं?"

"काय कळवणार? चपलांनी पत्ता दिला म्हणून?"

७

रस्ता संपला तिथं गाडी सोडली. पुढं चढण होती, कमरेएवढं सुकं गवत आणि मधूनमधून दगड. वारा पडलेला. गवतातून चालताना होणारा सळसळाट आमच्या दोघांचाच होता, असं आधी वाटलं.

ओळंबा थांबले. मीही थांबले. सळसळाट थांबला नाही.

समोर, हाकेच्या अंतरावर, गवत दुभंगत होतं. कोणीतरी आमच्या पुढं चाललं होतं. पाठ दिसली, खांद्यापासून वर. हँगरमध्ये आम्ही घालतो तसा निळा अंगरखा. डोकं एका बाजूला किंचित झुकलेलं. घाई नाही, पण वाट ठाऊक असल्यासारखं चालणं.

"आपल्यातलं कोणी पुढं आलंय का?" ओळंबा कुजबुजले.

"जोडारी दोघंही हँगरमध्ये आहेत. मीच थांबायला सांगितलं त्यांना."

"मग ते कोण?" त्यांनी डोळे बारीक केले. "तुझ्यासारखं चालतंय."

आपण चालताना पाठीमागून कसे दिसतो ते कोणाला माहीत असतं? मी पाहत राहिले आणि माझ्या मानेवर काटा आला. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय हाक मारायची ते सुचेना.

परत फिरावं, असं माझ्यातल्या शहाण्या भागानं सांगितलं. मी तिथंच उभी राहिले तर ती समोरची पाठही थांबली. वळली नाही, वाट पाहणारं माणूस थांबतं तशी थांबली. मी एक पाऊल टाकलं. तिनंही टाकलं.

"चला सर," मी म्हणाले. माझा आवाज मला चक्क आनंदी वाटला.

गवत संपलं आणि खाण आली. पुढं कोणीच नव्हतं. पायाखाली दगडाचा कडा होता, आणि तळाशी हिरवट पाण्याचं डबकं. त्याच्या काठी, दगडाच्याच रंगाचं कापड पसरलं होतं. आधी ते दगडच वाटलं. मग वाऱ्याशिवाय ते हललं.

८

कड्याला जुन्या पायऱ्यांसारखे टप्पे होते. मी कशी उतरले ते आठवत नाही. ओळंबा वरूनच शोधपथकाला फोन लावायला थांबले.

दादा पॅराशूटच्या कापडात गुंडाळलेले होते. दोन्ही पाय नको तिथं वळलेले. ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पण डोळे उघडे होते, आणि त्यांत मी दिसले तशी ओळख उमटली. बाटली त्यांच्या तोंडाला लावली. दोन घोट घेऊन त्यांनी ती दूर केली.

"विमान कुठं पडलं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"दलदलीत. इथून कितीतरी लांब."

"वाटलंच. मी बाहेर पडलो तरी ते पडेना. वळलं आणि एकटंच निघून गेलं." त्यांचा आवाज सुक्या पानांसारखा होता. "चांगलं बनवलंय गं तुम्ही."

मला रडू फुटलं. ते त्यांनी पाहिलं नसल्यासारखं केलं, आणि मग म्हणाले, "आज बरी खाली उतरलीस."

"म्हणजे?"

"हुशारबाई, थट्टा नको. रोज सकाळी वर कड्यावर येऊन उभी असायचीस. हाका मारायचो. वाकून बघायचीस, पाऊल खाली टाकणार एवढ्यात कोणी मागून ओढल्यासारखी वळून जायचीस. पहिल्या दिवशी शिव्या घातल्या तुला." ते थांबले, श्वास गोळा केला. "मग म्हटलं, रोज येतेय ना. एक दिवस उतरेल. त्याच्यावर तर काढले दिवस."

"सकाळी कधी, दादा?"

"ऊन पाण्यावर यायच्या आधी."

त्या वेळी आम्ही हँगरमध्ये पहारी घेऊन सांगाडा भिंतीला धरून लावत असू. चहा गार व्हायच्या आत. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की ते भ्रमात होते. आणि ते भ्रमात नव्हते, याची मला त्या क्षणी जेवढी खात्री होती तेवढी आजवर शिकलेल्या कशाचीच नव्हती. भीती गेली नव्हती. पण ती आता माझ्या बाजूनं होती.

"निघालं हेलिकॉप्टर," माझ्या डोक्यावरच्या कड्यावरून ओळंबा ओरडले. "वहिनींना पण सांगितलं मी."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या. मी फोन तसाच धरून ठेवला."

दादांनी डोळे मिटले. त्यांचा हात माझ्या हातात होता. थोडा वेळ फक्त पाणी आणि दगड होते, आणि दूरवर, अजून माशीएवढा, यंत्राचा आवाज.

मग दादांनी डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. ओळंबा होते त्या बाजूला नाही, समोरच्या कड्याकडे, माझ्या पाठीमागं. त्यांच्या फुटक्या ओठांवर हसू आलं. रोज दारापर्यंत पोचवून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाचा निरोप घ्यावा तसा त्यांनी मोकळा हात उचलला.

मी वळून पाहिलं नाही. पण त्यांचा हात खाली यायच्या आत मीही माझा हात वर केला, पाठमोरीच, आणि हलवला.